ओढ्याची जागा ओढ्याला

आजचा विषय आहे आपल्या शहरातले ओढे. पुण्यात एखादीला विचारलं, "तुमच्या घराजवळ ओढा आहे का हो?" तर बहुतेक वेळा उत्तर मिळतं, "ओढा कुठला, नाला आहे. खिडकी उघडायची सोय नाही." आपल्या बोलण्यातून ओढा गेला, नाला आला, आणि नाला म्हणजे गटार असं आपण धरून चाललो. गोंधळ इथूनच सुरू होतो.

गटार माणसानं बांधलेलं असतं. त्यातून किती पाणी जाणार हे आधी ठरवतात आणि त्या मापानं ते बांधतात. ओढा कुणी बांधलेला नसतो. टेकडीवरून उतरणाऱ्या पाण्यानं हजारो वर्षांत आपली वाट स्वतः कोरलेली असते. वर्षातले आठ-नऊ महिने त्या वाटेवर एखादी बारीक धार असते, नाहीतर कोरडे गोटे. मग आपल्याला वाटतं, एवढी रुंद जागा नुसती पडून आहे. ती पडून नसते. एखाद्या वर्षी एखाद्या रात्री जे चार तास येतात, त्या चार तासांसाठी ती राखीव असते.

ओढ्याची देखभाल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मे महिन्यातला जेसीबी येतो. नालेसफाई झाली, गाळ निघाला, आता काळजी नाही. गाळ काढायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण ओढ्याची पहिली देखभाल म्हणजे त्याची जागा राखणं. जागाच उरली नाही, तर गाळ काढून फार काही साधत नाही. ते कसं, हे आज समजून घेऊ. आणि त्यात आपण बायकांनी काय करायचं, तेही शेवटी बोलू.

पावसाचा हिशोब

बातम्यांत आपण ऐकतो, पन्नास मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे नेमकं किती पाणी? हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी एक लिटर भरतं. एक गुंठा म्हणजे साधारण १०० चौरस मीटर. एका गुंठ्यावर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५,००० लिटर पाणी झालं. म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या पाच टाक्या. एकरभर जागा घेतली, तर २ लाख लिटर. दहा हजार लिटरचे वीस टँकर! हे फक्त एका एकराचं. टेकडीच्या एका बाजूचे शेकडो एकर एकाच ओढ्यात उतरत असतात. ज्या जमिनीवरचं पाणी एका ओढ्यात येतं, तिला त्या ओढ्याचं पाणलोट क्षेत्र म्हणतात.

आता हे सगळं पाणी ओढ्यात येतं का? ते जमिनीवर अवलंबून आहे. घरी करून बघा. कुंडीतल्या भुसभुशीत मातीवर हळूहळू तांब्याभर पाणी ओता. बरंच पाणी माती पिऊन टाकेल, उरलेलं खालच्या भोकातून सावकाश येईल. तेवढंच पाणी स्वयंपाकाच्या ओट्यावर ओता. पुसायला फडकं शोधेपर्यंत ते खाली फरशीवर आलेलं असेल. गवत, झाडं, मुरूम असलेली टेकडी म्हणजे कुंडी. काँक्रीटचा रस्ता, पेव्हर ब्लॉकचं अंगण, पार्किंग, गच्ची म्हणजे ओटा.

इथे दोन गोष्टी एकदम होतात. ओढ्यात येणारं पाणी वाढतं, आणि ते सगळं एकाच वेळी येऊन पोचतं. शाळा सुटताना एकेक वर्ग सोडला, तर लहान फाटकातूनही मुलं नीट बाहेर पडतात. सगळे वर्ग एकाच घंटेला सोडले, तर तेच फाटक अपुरं पडतं आणि चेंगराचेंगरी होते. पाऊस पूर्वीइतकाच पडला, तरी ओढा पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त भरतो, तो यामुळे. त्यातच आपण फाटकही अरुंद केलं असेल, तर काय होतं हे पुण्यानं पाहिलेलं आहे.

आंबील ओढा

आंबील ओढा कात्रजच्या डोंगरातून निघतो. कात्रजच्या तळ्यांतून पुढे येऊन धनकवडी, पद्मावती, अरण्येश्वर, सहकारनगर, पर्वतीचा पायथा, दांडेकर पूल असा वाहत तो मुठेला मिळतो. पेशवाईच्या आधी त्याची वाट वेगळी होती. आज जिथे दाट पेठा आहेत, त्या भागातून तो नदीकडे जायचा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्याला, त्याला पश्चिमेकडे वळवण्यात आलं. त्याच काळात कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी बंदिस्त नळातून शहरात आणलं गेलं, आणि पर्वतीच्या पायथ्याशी ओढ्याला बांध घालून मोठं तळं केलं गेलं. त्या तळ्यातल्या बेटावरचा गणपती म्हणजे आपला तळ्यातला गणपती. तळं नंतर गेलं आणि तिथे सारसबाग झाली.

हा इतिहास सांगण्याचं कारण आहे. ओढा तेव्हाही हलवला गेला. पण हलवताना वर एक तलाव, खाली एक तळं, अशी पाण्याला थांबायला जागा होती. डोंगरातलं पाणी आधी इथे विसावायचं, मग पुढे जायचं. पुढच्या काळात शहर वाढलं, तशी ही थांबायची जागा कमी होत गेली, आणि दोन्ही काठांवरून इमारती, रस्ते, भिंती ओढ्याकडे सरकत आल्या.

२५ सप्टेंबर २०१९च्या रात्री दक्षिण पुण्यात काही तास धो धो पाऊस कोसळला. आंबील ओढा काठ सोडून वस्त्यांत, सोसायट्यांत, रस्त्यांवर शिरला. अरण्येश्वर भागात भिंत कोसळून माणसं दगावली. गाड्या एकमेकींवर चढल्या, गोठ्यांतली जनावरं दावणीलाच बुडाली. त्या रात्री पुणे शहर आणि जिल्ह्यात मिळून वीसहून अधिक जणांचे जीव गेले. पाणी ओसरल्यावर घराघरांत गुडघाभर चिखल होता, आणि तो उपसत होत्या बहुतेक बायकाच.

नदीचा पूर वेगळा, ओढ्याचा वेगळा

हा फरक प्रत्येकीला माहीत असायला हवा, कारण त्यावर जीव अवलंबून असतो. पुण्यात पूर म्हटलं की जुन्या लोकांना १२ जुलै १९६१ आठवतो, पानशेतचं धरण फुटलं तो दिवस. त्यामुळे पूर म्हणजे धरणाचं पाणी, असं आपल्या मनात बसलेलं आहे. मुठेला खडकवासल्यातून पाणी सोडतात, तेव्हा किती क्युसेक सोडणार हे आधी जाहीर होतं. नदीकाठच्या लोकांना हलायला थोडा वेळ मिळतो. तो वेळ पुरेसा असतोच असं नाही, पण मिळतो.

ओढ्याला धरण नसतं आणि घोषणाही नसते. टेकडीवर पाऊस पडला की तासाभरात, कधी त्याहूनही लवकर, पाणी खाली येतं. तुमच्या घरावर पाऊस थांबलेला असेल, चांदणं पडलेलं असेल, तरी वर कात्रजला कोसळत असेल तर तुमच्या दारातला ओढा चढत असतो. धरणातून पाणी सोडलेलं नाही, म्हणून आपल्याला धोका नाही, असं ओढ्याकाठी राहणाऱ्या बाईनं कधीही धरून चालू नये.

ओढा आकसतो कसा

ओढा एका दिवसात नाहीसा होत नाही. तो थोडा थोडा आकसत जातो, आणि प्रत्येक वेळी कारण किरकोळच दिसतं.

पहिली गोष्ट राडारोड्याची. कुणी घराची डागडुजी करतं, जुन्या फरशा, विटा, प्लॅस्टर निघतं. टेम्पोवाला म्हणतो, "टाकून देतो कुठेतरी." ते "कुठेतरी" म्हणजे रात्री ओढ्याचा काठ. चार-सहा महिन्यांत तिथे उतार तयार होतो. त्यावर मुरूम पडतो, मग सपाट जागा होते. सपाट जागेवर आधी गाड्या लागतात, मग पत्र्याची शेड उभी राहते. यालाच भराव म्हणतात. हा ओल्या कचऱ्यासारखा कुजून जात नाही. तो ओढ्याची रुंदी कायमची खातो.

रुंदी खाल्ल्यानं काय होतं? समजा, ओढा बारा मीटर रुंद आहे आणि दोन मीटर खोलीनं भरून वाहतो आहे. भराव टाकून तो सहा मीटरचा केला. तेच पाणी त्याच वेगानं जायचं, तर आता त्याला चार मीटर उंची लागणार. म्हणजे जे पाणी काठाच्या आत होतं, ते पहिल्या मजल्याच्या खिडकीकडे निघालं. गाळ काढून तुम्ही फूटभर खोली मिळवाल. पण सहा मीटर रुंदी घालवून फूटभर खोली मिळवली, तर हा सौदा कुणाच्या हिताचा?

दुसरी गोष्ट भिंतीची. एका सोसायटीनं आपल्या बाजूला उंच भिंत घातली, की पाणी समोरच्या काठावर ढकललं जातं. समोरच्यांनीही भिंत घातली, तर दोन्ही भिंतींमधून ते वेगानं पुढच्या वस्तीवर जाऊन आदळतं. भिंतीमुळे आपण सुरक्षित आहोत असं वाटतं. पण पाणी एका बाजूला चढलं आणि भिंतीत निचऱ्याला भोकं नसतील, तर सगळा भार भिंतीवर येतो आणि ती कोसळते. त्या वेळी भिंतीला लागून ज्यांची घरं असतात, त्यांना बाहेर पडायलाही वेळ मिळत नाही.

तिसरी गोष्ट पूल आणि मोऱ्यांची. ओढ्यावरून रस्ता न्यायचा तर खाली पाइप टाकून वर भराव करणं स्वस्त पडतं. रोजच्या पाण्याला तो पाइप पुरतो. पुराच्या वेळी मात्र झाडाच्या फांद्या, गाद्या, थर्मोकोल, प्लॅस्टिकच्या गोण्या वाहत येतात आणि पाइपाच्या तोंडाशी अडकतात. मग तो पूल पुलासारखा राहत नाही, बंधारा होतो. वरच्या बाजूला पाणी तुंबतं आणि वस्तीत शिरतं. भराव वाहून गेला, तर तुंबलेलं सगळं पाणी एकदम खालच्या बाजूला सुटतं.

चौथी गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. सांडपाण्याच्या वाहिन्या उतारानं न्याव्या लागतात, आणि उतार तर ओढ्याकडेच असतो. त्यामुळे कित्येक ठिकाणी या वाहिन्या ओढ्याच्या कडेनं किंवा थेट पात्रातून नेलेल्या दिसतात. त्यांची उंच चेंबरं पात्रात उभी असतात. पाणी आलं की कचरा त्यांना अडकतो. चेंबर फुटलं की मैलापाणी ओढ्यात मिसळतं. मग वास येतो, डास होतात, आणि लोकच म्हणू लागतात, "हे झाकून टाका एकदाचं." ओढ्यावर स्लॅब पडतो. एकदा झाकला की आत गाळ किती साठला ते दिसत नाही, मशीन आत जात नाही आणि माणसाला आत उतरवणं तर जिवाशी खेळ आहे. वास घालवायचा असेल, तर सांडपाणी ओढ्यात येणं बंद करायला हवं. झाकण घातल्यानं ओढा आंधळा होतो, स्वच्छ होत नाही.

हे फक्त पुण्याचं दुखणं नाही. मुंबईत २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढा पाऊस कुठल्याही शहराला जडच जाईल. पण त्या दिवशी मुंबईकरांना कळलं, की विहार आणि पवई तलावांकडून येऊन माहीमच्या खाडीला मिळणारी मिठी ही नदी आहे. तोवर अनेक जण तिला नालाच समजत होते, आणि तिच्या काठांवर नाल्यासारखेच भराव पडत आले होते.

काय काढायचं, काय ठेवायचं

आता देखभालीकडे येऊ. नालेसफाईत एक चूक वारंवार होते. मशीन लावून दोन्ही काठ खरवडून काढतात. गवत, झुडपं, उंबर, करंज, सगळं साफ. फोटोत ओढा स्वच्छ दिसतो. पण काठाची माती धरून ठेवणारी मुळंच गेली, तर पहिल्या मोठ्या पावसात काठ ढासळतो आणि तीच माती गाळ होऊन पुढच्या मोरीत बसते. पुढच्या वर्षी ती काढायला पुन्हा पैसे.

म्हणून काय काढायचं आणि काय ठेवायचं हे आपल्याला कळायला हवं. पात्राच्या मधोमध पडलेला राडारोडा, प्लॅस्टिक, गाद्या, वाळलेली आडवी झाडं, मोरीच्या तोंडाशी साठलेला गाळ, साचलेल्या पाण्यावर पसरलेली जलपर्णी, हे काढायचं. काठावरची मोठी झाडं, निर्गुडी, वाळुंज, काठाला धरून वाढलेलं गवत, हे ठेवायचं. पाण्याच्या कडेला वाढणारे लव्हाळे आणि पाणकणीस यांचा थोडा पट्टा राहिला, तर ते पाण्याचा वेग आवरतात आणि गाळ धरून ठेवतात. मात्र मोरीच्या तोंडाशी ते माजू द्यायचे नाहीत.

काढलेला गाळ कुठे जातो, हेही बघायचं. कित्येकदा तो काठावरच ढीग करून ठेवतात, "वाळला की उचलू" म्हणतात. वळवाचा एक पाऊस आला की तो पुन्हा आत. गाळ काढला याची खूण म्हणजे गाळ भरून गेलेली गाडी.

आणि वळणं. ओढा सरळ केला की काम नीटनेटकं दिसतं. वळणावर पाणी मंदावतं, डोहात थोडा वेळ थांबतं, काठच्या मोकळ्या जागेत पसरतं. ती सगळी पाण्याची विसाव्याची ठिकाणं असतात. सरळ, सिमेंटच्या कालव्यातून पाणी तुमच्या दारातून लवकर जातं खरं, पण ते लवकर जातं ते खालच्या वस्तीच्या दारात. शिवाय तळाला सिमेंट घातलं की पाणी जमिनीत मुरायची वाट बंद होते. आजूबाजूच्या विहिरी आणि बोअरला आधार देणारं पाणी गेलं. पावसाळ्यात पूर आणि मार्चपासून टँकर, असं एकाच गल्लीत होतं ते याचमुळे.

ओढ्याची देखभाल ओढ्याच्या काठावर संपत नाही. वर टेकडीवर उतार फोडून रस्ता केला, झाडं तोडली, तर सुटी माती थेट ओढ्यात येते. म्हणून टेकडी राखणं हेही ओढ्याचंच काम आहे. तळ्यांमधला गाळ काढणं हेही. आपल्या सोसायटीत पार्किंगची कड मातीची ठेवणं, गच्चीचं पाणी शोषखड्ड्यात किंवा बोअरजवळ मुरवणं, हेही ओढ्याचंच काम. शंभर सोसायट्यांनी आपापलं थोडं पाणी थोडा वेळ थांबवलं, तर शाळा एकाच घंटेला सुटायची नाही.

वरचे आणि खालचे

आता जरा अवघड गोष्ट बोलू. ओढ्यात पूर आला की पहिली नजर जाते ती काठावरच्या झोपड्यांकडे. "यांनीच अतिक्रमण केलं." ओढ्याच्या पोटात घर असणं धोक्याचं आहे, हे त्या घरातल्या बाईला आपल्यापेक्षा जास्त कळतं. पावसाळ्यात रात्री उशाशी कागदपत्रांची पिशवी ठेवून झोपते ती. तिथे राहण्याची हौस तिला नाही. धुण्याभांड्याची कामं जवळपासच्या सोसायट्यांत, मुलांची शाळा जवळ, आणि दुसरीकडचं भाडं परवडणारं नाही, म्हणून ती तिथे आहे.

पण पाणी वाढवलं कुणी आणि रुंदी कमी केली कुणी, हे बघायला वर चढावं लागतं. वरच्या अंगाला उतार सपाट करून उभे राहिलेले प्रकल्प, रीतसर परवानगी घेऊन ओढ्यालगत घातलेल्या भिंती, पाइपात घातलेले ओहोळ, रस्त्यासाठी टाकलेले भराव, या सगळ्यांचा हिशोब खालची वस्ती भरते.

२०२१च्या जून महिन्यात, करोनाच्या दिवसांत आणि पावसाळा सुरू झालेला असताना, दांडेकर पुलाजवळच्या आंबील ओढा वसाहतीत घरं पाडण्याची कारवाई झाली. ओढ्याचा प्रवाह सरळ करायचा, हे एक कारण सांगितलं गेलं. बायका मुलांना घेऊन रस्त्यावर आल्या, न्यायालयानं कारवाईला स्थगिती दिली. माझं म्हणणं एवढंच, की ओढ्याला जागा परत द्यायची असेल, तर ती वरपासून खालपर्यंत सगळ्यांनी द्यायला हवी. खालच्यांना हलवायचं तर त्यांच्या संमतीनं, कामाच्या आणि शाळेच्या जवळ, आधी पक्कं घर देऊन, आणि पावसाळ्याच्या बाहेर. वरच्यांनीही आपली भिंत मागे घ्यायला हवी. फक्त गरिबाच्या घरानं ओढा रुंद होत नाही.

इथे एक कायद्याची गोष्ट लक्षात ठेवा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम २०. त्यानुसार नद्या, ओढे, नाले यांचं पात्र, कुणाचा वेगळा हक्क सिद्ध झालेला नसेल तर, सरकारच्या मालकीचं असतं. म्हणजे ओढा ना बिल्डरचा, ना सोसायटीचा. तो सगळ्यांचा आहे, आणि म्हणून त्याबद्दल विचारण्याचा हक्कही सगळ्यांचा आहे.

वर्षभराचं काम

मग आपण करायचं काय? ओढ्याचं काम मे महिन्यात सुरू करून चालत नाही. त्याचं वर्षाचं चक्र आहे, जसं आपल्या घरातल्या वाळवणाचं असतं.

पावसाळा संपताना, नवरात्र-दिवाळीच्या सुमाराला, यंदा पाणी कुठवर आलं त्याच्या खुणा करून ठेवा. भिंतीवर, विजेच्या खांबावर, रंगानं एक रेघ आणि शेजारी तारीख. माणसं घर बदलतात, विसरतात. रेघ राहते. नवीन भाडेकरीण आली, तर तिला ती रेघच सगळं सांगेल.

हिवाळ्यात ओढ्याच्या काठानं चाला. पाच-सात जणी मिळून, सकाळच्या वेळी, दोन पुलांच्या मधला तुकडा घ्या. कुठे राडारोडा पडला आहे, कुठली मोरी अर्धी बुजली आहे, कुठल्या पाइपातून सांडपाणी येतं आहे, भिंत कुठे फुगली आहे, ते वहीत लिहा. मोबाइलवर फोटो काढा. पुढच्या वर्षी त्याच जागेवर उभं राहून पुन्हा फोटो काढा. दोन फोटो शेजारी ठेवले की ओढा किती आकसला ते कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

भूमी अभिलेख कार्यालयातून आपल्या भागाचा जुना गावनकाशा मागवा. धनकवडी, कात्रज, बाणेर, पाषाण ही सगळी मुळात गावंच. त्यांच्या नकाशांवर ओढे दाखवलेले असतात. आज जिथे ओढा दिसत नाही, तिथे नकाशात तो असेल, तर तो गेला कुठे हे माहिती अधिकारात विचारता येतं. घर घेतानाही हा नकाशा बघा. "ओढ्याचं दृश्य" म्हणून जाहिरातीत दाखवलेला फ्लॅट पुराच्या रेषेच्या आत आहे का, ते कर्ज काढण्याआधी कळलेलं बरं.

पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांना आपल्या प्रभागातली कामं सुचवता येतात. त्याची मुदत पालिका दरवर्षी जाहीर करते. आपण बहुधा बाक, पेव्हर ब्लॉक, कमान अशी कामं सुचवतो. यंदा मोरीला जाळी, भिंतीला निचऱ्याची भोकं, ओढ्याकाठी राडारोड्याच्या गाड्या अडवणारे खांब सुचवा. खर्च थोडा, उपयोग मोठा.

उन्हाळ्यात सफाई सुरू झाली की काठावर उभ्या राहा. ठेकेदाराशी भांडायला नव्हे, बघायला. किती गाड्या गाळ गेला, कुठे गेला, मोरीच्या आतला निघाला का, हे क्षेत्रीय कार्यालयाला लेखी विचारा. आणि आपल्या घरातला कचरा ओढ्यात जात नाही ना, हेही बघा. पुण्यात 'स्वच्छ' या संस्थेच्या कचरावेचक बायका दारोदार कचरा घेतात. त्यांच्याकडे सुका-ओला वेगळा करून कचरा गेला, की तो मोरीच्या तोंडाशी जाणार नाही. घराचं काम काढाल, तेव्हा राडारोडा कुठे टाकणार हे मिस्त्रीला आधी विचारा आणि त्याचे पैसे ठरवून द्या. "टाकून देतो कुठेतरी" याला हो म्हणू नका.

आणि पावसाळ्यात आपली फोनची साखळी तयार ठेवा. वरच्या भागात राहणाऱ्या दोघी, मधल्या दोघी, खालच्या दोघी. वर पाणी चढलं की वरचीनं खालचीला फोन करायचा, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत. मेसेज टाकून थांबायचं नाही, झोपलेलं माणूस मेसेज वाचत नाही. फोन आला की आधी म्हातारी माणसं, आजारी माणसं आणि मुलं उंचावर न्यायची. विजेचा मेन स्विच बंद करायचा, पण स्विचपर्यंत पाणी आलेलं असेल तर हात लावायचा नाही. दावणीची जनावरं सोडायची. गाडी वाचवायला तळघरातल्या पार्किंगमध्ये अजिबात उतरायचं नाही. वाहत्या पाण्यातून स्कूटर घालायची नाही. गुडघाभर पाणी जोरात वाहत असेल, तर ते धडधाकट माणसालाही पाडतं, आणि खाली उघडं चेंबर असेल तर दिसत नाही. मदतीसाठी ११२ किंवा अग्निशमन दलाचा १०१. हे नंबर मुलांकडून पाठ करून घ्या.

मैत्रिणींनो, यातलं कुठलंच काम एकटीचं नाही आणि कुठलंच काम फार मोठं नाही. बचत गटाच्या बैठकीत, भिशीच्या दिवशी, हळदीकुंकवाला पाच-दहा जणी जमतोच. त्यात पंधरा मिनिटं ओढ्यासाठी ठेवा. आपल्या तुकड्यातली मोरी कुठली, भिंत कुठली, वरच्या वस्तीतल्या बाईचा फोन नंबर काय, एवढं जरी सगळ्यांना ठाऊक झालं, तरी पुढच्या पावसाळ्याची निम्मी तयारी झाली. बाकीची निम्मी तयारी म्हणजे ओढ्याच्या जागेवर पडणारी पहिली राडारोड्याची गाडी. ती थांबवायची, म्हणजे दुसरी येत नाही.